कॉम्प्युटरमधले नानासा

माझ्या नवऱ्याची नाडी लागत नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, आहे ते सांगते. पारोळ्याच्या बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. शेजारच्या मेडिकलवाल्या नवीनने एकदा प्रेमाने यांचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. आधी डावं धरलं, मग उजवं. त्याच्या कपाळावर घाम आला. हे मात्र गादीवर बसून गिऱ्हाइकाला सांगत होते, "ताई, रंग जाणार नाही, माझी गॅरंटी." नवीन म्हणाला, "काका, तुमची गॅरंटी कोण घेणार?"

यांचं हृदय थकलं होतं. दुकानाच्या पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची, पाय सुजायचे, रात्री उशीवर उशी ठेवून बसल्या बसल्या झोपावं लागायचं. दिवाळीच्या आधी मुंबईला ऑपरेशन झालं आणि हृदयाच्या डाव्या कप्प्याला एक छोटा पंप बसवला. तो पंप रक्त ठोके देऊन ढकलत नाही, सलग वाहतं ठेवतो. म्हणून नाडी लागत नाही. पोटातून एक वायर बाहेर येते, ती कमरेच्या डबीला जोडलेली. डबीला दोन बॅटऱ्या. हे सगळं एका पिशवीत, आणि पिशवी सतत खांद्यावर.

दुकानातला आमचा जुना माणूस रोहिदास पहिल्याच दिवशी पिशवीकडे बघून म्हणाला, "नाना, मना मोबाईल दुपारलगून टिकत नही, तुमनं काळीज दिनभर कसं टिकस?"

"मी तुझ्यासारखा रील बघत बसत नाही म्हणून," हे म्हणाले.

ऑपरेशनने यांच्या छातीत पुष्कळ बदल झाले, जिभेत एकही नाही. माझ्या व्रतांवर हसायचं, हा यांचा लग्नापासूनचा नेम. मी पहाटे सामायिक करते, म्हणजे ठरलेला वेळ एका आसनावर मौन धरून बसते. पाणी उकळलेलंच पिते. आणि चौविहार पाळते, सूर्य मावळला की दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. यावर हे रोज संध्याकाळी न चुकता म्हणायचे, "चला, हिचं शटर खाली आलं."

पंप बसल्यावर मला वाटलं, आता तरी माझ्याजवळ सामायिकाला बसतील. तर म्हणाले, "सामायिकात सेलचं घड्याळसुद्धा चालत नाही म्हणतेस, माझं तर काळीजच सेलचं. मला सूट आहे." आणि पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. मी काही बोलले नाही. मी फारसं बोलत नाही, म्हणून यांना वाटतं की मी ऐकतही नाही.

अक्षय्य तृतीया होऊन गेली आणि ऊन असं तापलं की दुपारी बाजारात कुत्रं दिसेना. त्याच सुमाराला आमची नात आयुषी, म्हणजे मुलीची मुलगी, जळगावहून सुटीला आली. ती तिथे इंजिनियरिंगचं पुढचं शिक्षण घेते. एका पिशवीत कपडे, दुसऱ्या पिशवीत लॅपटॉप, आणि तोंडात सारखं "नानीसा, जरा थांब, हे चालू आहे."

"काय चालू आहे?"

"नानासा."

मी वळून बघितलं. नानासा तर झोपाळ्यावर पेपर वाचत होते.

"ते नाही गं, हे." तिने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. काळ्या पडद्यावर दोन-तीन रंगीत रेघा लाटांसारख्या सरकत होत्या. "हे कॉम्प्युटरमधले नानासा. याचं हृदय, याच्या नसा, याचा पंप, सगळं गणिताने केलंय. नानासांच्या सगळ्या रिपोर्टांचे आकडे यात घातलेत."

"बोलतात का?"

"नाही."

"मग हेच ठेव. ते घेऊन जा."

पेपरच्या मागून खाकरल्याचा आवाज आला.

तिचा अभ्यास काय, हे तिने मला चुलीजवळ बसून समजावलं. म्हणाली, "शेतातली विहीर आणि मोटर समज. विहिरीत पाणी आहे तोवर मोटर छान ओढते. पाणी खाली गेलं आणि मोटर तशाच जोरात ओढत राहिली, तर?"

"कोरडी चालेल. जळेल."

"इथे जळत नाही, पण हृदयाची भिंतच ओढली जाते आणि पंपाच्या तोंडाला चिकटते. मग रक्त पुढे जात नाही, डबी ओरडते. नानासांच्या पंपाचा वेग डॉक्टरांनी एकदा लावून दिलाय. ते झोपू देत, जिना चढू देत, लग्नात जेवू देत, पंप आपला एकाच वेगाने फिरतो. पंपाला स्वतःला कळायला हवं की आता विहीर भरली, वेग वाढव, आता तळ दिसतोय, कमी कर. ते कसं कळावं, हे माझं काम. पण खऱ्या माणसावर चुका करून शिकता येत नाही. म्हणून आधी हा माणूस केला."

मला ते पटलं. चुका करायला एक वेगळा नवरा असावा, ही कल्पना वाईट नव्हती.

मग दोन दिवस घरात मजा चालली. आयुषी कॉम्प्युटरमधल्या नानासांना पारोळ्याचा किल्ला चढायला लावायची, पंगतीत बसवायची, ताप आणायची. हे झोपाळ्यावरून विचारायचे, "आत्ता काय करतोय मी?"

"पळताय."

"कुणाच्या मागे?"

"उधारीवाल्याच्या," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी सामायिकात बसले होते. आतल्या खोलीतून डबी ओरडायला लागली. तो आवाज मुंबईला आम्हाला ऐकवून ठेवला होता, पण घरात ऐकला की निराळाच लागतो. सामायिक पुरी झाल्याशिवाय आसन सोडायचं नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी कधी उठले आणि कधी यांच्या पलंगाशी पोचले, हे मात्र मला माहीत नाही.

हे उठून बसले होते. चेहरा पांढरा, ओठ कोरडे. मी तांब्या भरून आणला आणि पुढे केला. यांनी खिडकीकडे बघितलं, अजून अंधारच होता, आणि म्हणाले, "थांब जरा. घेतो थोड्या वेळाने." मला वाटलं, घाबरलेत. उजाडल्यावर यांनी तांब्याच्या तांब्या रिकामा केला. पुढे थोड्या वेळाने डबी गप्प झाली.

त्यानंतर दोन-तीन पहाटा तेच. मुंबईच्या डॉक्टरांनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "काका, पाणी नीट पिता ना?"

"भरपूर."

"रात्रीसुद्धा?"

"तांब्या भरून ठेवते ही. सकाळी रिकामा असतो. विचारा हिला."

खरंच रिकामा असायचा. मी तसं सांगितलं. धुळ्याला जाऊन रक्त तपासलं, छातीची सोनोग्राफी झाली, सगळं ठीक. डॉक्टर शेवटी म्हणाले, "कारण सापडत नसेल तर मी धोका घेणार नाही. हॉस्पिटलजवळ खोली घेऊन राहा. काही महिने तरी. कदाचित कायमचं."

फोन ठेवल्यावर हे बराच वेळ काही बोलले नाहीत. यांच्या बाबतीत ही पंप बिघडण्यापेक्षा मोठी गोष्ट. मग म्हणाले, "मुंबईत गादीशिवाय बसायचं? पंप चालेल, तारा. मीच बंद पडेन."

आयुषीने हे मनावर घेतलं. तिच्या नानासांना तिने पारोळ्याचा उन्हाळा लावला, घाम काढला, मीठ कमी केलं, गोळ्यांच्या वेळा बदलल्या. स्क्रीनवरच्या रेघा शहाण्यासारख्या सरळ चालत राहिल्या. खरे नानासा पहाटे ओरडत होते, तिचे गप्प होते.

"माझंच गणित चुकलंय," ती रडवेली झाली. "पुढच्या महिन्यात सरांना दाखवायचंय, आणि घरच्या माणसाचंच जुळत नाही."

"बाई, घरच्या माणसाचं कुणाचंच जुळत नाही," मी म्हणाले. "जेव आधी."

ती जेवता जेवता थांबली. घास हातात. मग तसाच उष्टा हात बाजूला धरून डाव्या हाताने लॅपटॉपवर काहीतरी दाबलं. रेघा सरकल्या, सरकल्या, आणि एकदम एक रेघ थरथरून खाली पडली.

"नानीसा! हेच! अगदी पहाटेचंच!"

"काय केलंस?"

"यांचं रात्रीचं पाणी बंद केलं. संध्याकाळपासून सकाळपर्यंत एक थेंब नाही. थंडीत असं केलं तर निभतं, या उन्हात निभत नाही." ती झोपाळ्यासमोर जाऊन उभी राहिली. "नानासा, तुम्ही रात्री पाणी पीत नाही."

"कोण म्हणतं?"

"कॉम्प्युटर."

"त्याला सांग, खोटं बोलू नये. आपलं जैनाचं घर आहे."

मी मात्र खिडकीकडे बघत होते. यांच्या पलंगाजवळच्या खिडकीत मोगऱ्याची कुंडी आहे. गावभर झाडं करपली होती, आणि आमचा मोगरा लग्नघरातल्या करवलीसारखा फुलांनी लगडला होता. मी रोज फुलं बघून मनात म्हणत होते, माझ्या हाताला गुण आहे. मी त्या कुंडीला आठवड्यातून दोनदा पाणी घालते. आज माझा वार नव्हता. मी जाऊन मातीत बोट घातलं. ओली होती, चांगली चिखल होईपर्यंत.

"अहो," मी म्हणाले, "तांब्या कोण पितं?"

यांनी पेपर उघडला. पेपर उलटा होता.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. यांना स्ट्रेचरवरून आत नेत होते तेव्हा मी बाहेर बाकावर माळ घेऊन बसले होते. "दारातून दिसलीस," हे म्हणाले, माझ्याकडे न बघता. "वाटलं, हिच्यावर एवढं हसलो, आणि ही बसलीय माझ्यासाठी. तिथेच मनात म्हटलं, जगलो तर सूर्यास्तानंतर तोंडात काही घालणार नाही. पाणीसुद्धा नाही. हिच्यासारखं."

"संध्याकाळी लवकर भूक लागते म्हणत होतात, ते हे?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलं?"

"कोणत्या तोंडाने? इतकी वर्षं तुझं शटर, तुझं शटर केलं. माझंच शटर पडलेलं बघून तू मला जगू दिलं असतंस?"

मला हसू आलं. मोठ्याने हसण्याची मला सवय नाही, म्हणून ते थांबवायचं कसं हेही ठाऊक नव्हतं. शेवटी पदराने डोळे पुसले, आणि ते हसूनच आलं होतं असं आयुषीला सांगितलं.

आयुषीला वाटलं, प्रश्न सुटला. तिने तिथल्या तिथे मुंबईला फोन लावला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, आधी रागावले, मग म्हणाले, "सापडलं ना कारण? आता सोपं आहे. काका, रात्री पाणी प्यायचं. नाहीतर मुंबईला यायचं. यातलं एक निवडा."

"मुंबई," हे म्हणाले.

आम्ही दोघी बघतच राहिलो. दुकानाची किल्ली उशाशी घेऊन झोपणारा माणूस.

"अहो, पण तिथे तरी काय? तिथे सलाइन लावतील," मी म्हणाले.

"लावू देत. सलाइन तोंडातून जात नाही. मी तोंडाचं बोललोय."

"नानासा, तुम्ही वकील व्हायला हवं होतं," आयुषी कपाळाला हात लावून म्हणाली.

पण हे हसले नाहीत. "शब्द दिलाय," एवढंच म्हणाले. "गिऱ्हाइकाला दिलेला शब्द मी कधी मोडला नाही. हा तर देवाला दिलाय, तेही मरणाच्या दारात. तो मोडून मी गादीवर बसू?"

आयुषीने तिच्या नानासांवर अजून एक प्रयोग केला. पंपाचा वेगच कमी केला. पहाटे डबी ओरडेना, पण दिवसभर रक्त मागे तुंबायला लागलं. म्हणजे पुन्हा ती धाप, त्या उशा. ती म्हणाली, "पंपाला स्वतःहून वेग बदलता आला असता तर थोडं निभलं असतं. पण ते अजून फक्त माझ्या कॉम्प्युटरमध्येच आहे, आणि तिथेही विहिरीत पाणी तर लागतंच."

दुसऱ्या दिवशी मी यांना घेऊन धुळ्याला गेले. तिथल्या जैन स्थानकात महासतीजी, म्हणजे आमच्या साध्वी, मुक्कामाला होत्या. स्थानकात शिरताना मोबाईल बाहेर ठेवायचा असतो. दारातल्या भाऊंनी यांच्या पिशवीकडे बोट दाखवलं, "शेठ, तीही इथेच ठेवा."

"ठेवतो की," हे म्हणाले, "पण मग मलाही इथेच ठेवावं लागेल. आडवा."

भाऊ घाबरून बाजूला झाले.

आम्ही वंदना करून लांब बसलो. मी सगळं सांगितलं. महासतीजींनी यांनाच विचारलं, "हे पचक्खाण, हा नेम, कुणाकडून घेतलंत?"

"कुणाकडून नाही. आपलं आपणच. स्ट्रेचरवर."

"चौविहारच का घेतलात?"

"म्हणजे? दुसरं काय असतं?"

महासतीजींनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर बांधलेल्या मुहपत्तीआड काय चाललं होतं ते दिसत नव्हतं, पण डोळे हसत होते. त्या म्हणाल्या, "चौविहारात चारही आहार सुटतात, पाणीसुद्धा. तिविहारात पाण्याची मोकळीक असते. आजारी माणसं, म्हातारी माणसं तो घेतात. तुम्ही दुकानात शिरलात आणि सगळ्यात जड कापड उचलून निघालात. विचारलंही नाही."

हे माझ्याकडे वळले. "असं असतं हे? मग इतक्या वर्षांत हिने मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत कधी?" मी म्हणाले.

यांना मात्र ते एवढ्यावर पटेना. "महासतीजी, सवलतीत घेतलेलं व्रत म्हणजे सेलमधला माल झाला. मी बोललो होतो पाणी नाही म्हणून."

"तुमच्या दुकानातून कापड नेऊन शिंपी सदरा शिवतो. शिवणीत थोडं कापड आत दुमडून ठेवतो ना? अंग भरलं तर उसवून सोडता यावं म्हणून? त्याला कुणी लबाडी म्हणतं का?"

"नाही. न ठेवणाऱ्याला म्हणतात."

"पचक्खाणातही तशी जागा आधीपासून ठेवलेली असते. आगार म्हणतात तिला. शरीर बिघडून मनाची समाधी मोडत असेल, तर त्या जागेतून घेतलेल्याने व्रत मोडत नाही. तुम्ही एकट्याने घेतलंत, म्हणून तुम्हाला ठाऊक नव्हतं. आज तिविहार घ्या, आणि निश्चिंत पाणी प्या."

हे बराच वेळ पिशवीचा बंद चाळवत बसले. मग हात जोडले. महासतीजींनी तिविहाराचं पचक्खाण दिलं. यांनी मान खाली घालून घेतलं, आणि मला दिसलं की यांचे खांदे एकदम खाली आले, ओझं उतरवल्यासारखे.

"पाण्याचं झालं," महासतीजी पुढे म्हणाल्या. "आता डॉक्टरांशी खोटं बोललात त्याचं. आणि बाईंनी सामायिकातून उठल्याचं प्रायश्चित्त मागितलंय, त्यांनी एक सामायिक जास्त करावी. तुम्ही चौमासी, म्हणजे चातुर्मास, लागेपर्यंत रोज एक करा."

हे चपापले. मग हळूच पिशवी पुढे सरकवली, गिऱ्हाइकापुढे ठेवणीतला माल सरकवतात तशी. "पण महासतीजी, ही तर बॅटरी. मला सामायिक चालायची नाही ना?"

"श्वास थांबवून सामायिक करा, असं कुणी सांगितलंय का? तसंच या पंपावर तुमचं शरीर चालतंय. बसा."

आम्ही गाडीने परत निघालो. मुकटी गाव मागे पडल्यावर हे म्हणाले, "तू आधीच सांगून ठेवलं होतंस त्यांना."

"मी कशाला सांगू? मी फारसं बोलत नाही."

त्या रात्री तांब्या पलंगाजवळ ठेवला तो मी मोजून-मापून भरला नाही, काठोकाठ भरला. पहाटे डबी ओरडली नाही. दुसऱ्या पहाटेही नाही. आयुषीने तिच्या नानासांना रात्रीचं पाणी सुरू केलं, त्यांचीही रेघ सरळ झाली. दोन्ही नानासा एकदाचे जुळले. तिच्या सरांना तिने जे दाखवलं, त्यात म्हणे ताप, जिना, पंगत यांच्या जोडीला एक नवा प्रकार होता, 'सूर्यास्तानंतर पाणी नाही'. सरांनी विचारलं, असा पेशंट कुठे असतो? ती म्हणाली, आमच्या घरी.

महिनाभराने डॉक्टरांनी डबीतल्या सगळ्या नोंदी बघितल्या आणि म्हणाले, "काका, राहा पारोळ्यात." यांनी फोन ठेवला आणि रोहिदासला हाक मारली, "चल रे, शटर उघड." मोगरा मात्र तोवर सुकत चालला होता. आता त्याचं पाणी मीच वाढवलंय. रोज घालते.

त्याआधीची, प्रायश्चित्ताच्या पहिल्या पहाटेची गोष्ट राहिली. हे माझ्याशेजारी आसनावर येऊन बसले, पिशवी मांडीशी घेऊन. घरात काही आवाज नव्हता. इतक्या जवळ, इतकं गप्प असं आम्ही कधी बसलोच नव्हतो, त्यामुळे मला तेव्हा पहिल्यांदा पंपाचा आवाज नीट ऐकू आला. दूरवर कुणीतरी पिठाची गिरणी चालवावी तसा, बारीक, न थांबणारा. मी माळ हातात धरून ऐकत राहिले. नवकार मंत्राचा धागा सुटला, पुन्हा धरला.

थोड्या वेळाने त्या आवाजात दुसरा एक आवाज मिसळला. मी डोळा किंचित उघडून बघितलं. यांची मान छातीवर आली होती, तोंड उघडं होतं, आणि हे निवांत घोरत होते. सामायिकात बोलायचं नसतं, म्हणून मी काही बोलले नाही. पण आता पुन्हा कधी संध्याकाळी शटरची गोष्ट निघाली, की मी बोलणार आहे.